शनिवार-रविवारची मजेची गाडी: बजेट २० लाख, मुक्काम फोंडा (गोवा), रस्ता चोर्ला घाटाचा

तिसरा गियर

नमस्कार मंडळी. रोजच्या धावपळीला घरात छोटी ऑटोमॅटिक आहे, ती तशीच राहील. दुसरी गाडी घ्यायची आहे ती फक्त शनिवार-रविवारसाठी, निव्वळ चालवण्याच्या मजेसाठी. बजेट सगळं मिळून २० लाख. त्यात ट्रान्सफर, विमा आणि पहिली मोठी दुरुस्तीही आली.

ठरलेले रस्ते: साखळी-केरी-चोर्ला, बेतूल-काब द राम-आगोंद, आणि अधूनमधून सावंतवाडीवरून आंबोली. दोन माणसं, एक बॅग. पोर्चवर पत्रे आहेत, बाजू उघड्या. गेटकडे चढ आहे आणि गल्लीत शेजाऱ्यांनी स्वतः घातलेले दोन स्पीडब्रेकर आहेत.

यादी अशी: २०११-१२ ची बीएमडब्ल्यू झेड४ एसड्राइव्ह ३५आय, २०१५ नंतरची मिनी कूपर एस, वापरलेली फोक्सवॅगन व्हर्टस जीटी १.५ मॅन्युअल, किंवा नवी ह्युंदाई आय-२० एन लाइन घेऊन उरलेले पैसे टायर आणि पेट्रोलला. माझ्दा मियाटा किंवा टोयोटा ८६ आपल्याकडे कुठल्या वाटेने मिळू शकते का, हेही सांगा.

मन झेड४ कडे ओढतंय, गल्ली नको म्हणते.

चिरेखाण

मियाटा आणि ८६ आधी मिटवू. दोन्ही भारतात कधी अधिकृत विकल्या गेल्या नाहीत. बाहेरून जुनी गाडी आणायची तर ती बनून ३ वर्षांहून जास्त झालेली चालत नाही, स्टिअरिंग उजवीकडे लागतं, उतरवायची मुंबई बंदरातच, आणि वर शुल्क गाडीच्या किमतीपेक्षा जास्त. २० लाखांत ती वाट नाही.

आता गल्ली. शोरूमपेक्षा आधी तिथे टेप घेऊन जा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंमी उंच असतो. म्हणजे तो गाडीच्या व्हीलबेसपेक्षा (पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतरापेक्षा) लांब. गाडी त्यावर चढते आणि उतरते, पोट लागत नाही. गल्लीतला घरगुती स्पीडब्रेकर चाळीस-पन्नास सेंमी रुंद आणि पंधरा सेंमी उंच असला, तर तो अख्खा पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधे येतो. त्या क्षणी चारही चाकं सपाट जमिनीवर असतात आणि पोटाखाली ती भिंत. अशा ठिकाणी हळू जाऊन उपयोग नाही, तिरकं घेऊन थोडाफार. क्लिअरन्स (जमिनीपासून पोटाची उंची) स्पीडब्रेकरच्या उंचीपेक्षा जास्त हवा, इतका साधा हिशेब आहे. व्हर्टसचा कंपनीने दिलेला आकडा १७९ मिमी, पण रिकाम्या गाडीचा. दोन माणसं आणि भरलेली टाकी धरून २०-२५ मिमी वजा करा. झेड४ सारख्या गाडीत हे गणित सुरुवातीलाच संपतं.

गेटच्या चढाला वेगळं मोजमाप. गाडीचा पुढचा ओठ (बंपरची खालची कड) जमिनीपासून किती उंच आणि पुढचं चाक जिथे टेकतं तिथून तो किती पुढे आलाय, ही दोन मापं घ्या. समजा ओठ १५ सेंमी उंच आणि ८५ सेंमी पुढे आहे. १५ भागिले ८५ म्हणजे साधारण ०.१७६. तुमचा चढ १ मीटरला साडेसतरा सेंमीपेक्षा जास्त चढत असेल तर ओठ घासणार. चढ जिथे संपून सपाट होतो तिथे पोट लागतं, ते आणखी वेगळं. विकणारा गाडी दाखवायला तयार असेल तर त्याला घरापर्यंत आणायला सांगा. अर्ध्या तासाची फेरी, पण पुढच्या पाच वर्षांची कटकट वाचते.

हाच नियम फेरीबोटीच्या फळीला. भरतीला फळी जवळपास सपाट असते, ओहोटीला तीच घसरगुंडी होते. चोडण-दिवाडीला रविवारी जायचा बेत असेल तर खाली नाक असलेल्या गाडीला भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून निघावं लागेल. ऐकायला गंमत वाटते, पण पुढचा बंपर रंगवून घेतल्यावर वाटत नाही.

आता ताकदीचं. अंजुणे धरण मागे टाकून केरीहून वर चढायला लागलात की बहुतेक वळणं दुसऱ्या-तिसऱ्या गियरची, चाळीस ते साठच्या वेगाची. दोन वळणांमधला सरळ तुकडा झेड४ सारखी ३०६ पीएसची (पीएस म्हणजे अश्वशक्ती) गाडी तीन-चार सेकंदांत खाऊन टाकते, आणि मग लगेच ब्रेक. त्यातल्या अर्ध्या ताकदीला जागाच नाही. बेतूल-काब द राम रस्ता त्याहून अरुंद. समोरून कदंबची बस आली की एक चाक बाजूच्या लाल मातीवर. इथे दीडशे पीएसच्या आतबाहेरची हलकी गाडी, सहा गियर हाताने टाकायचे, स्टिअरिंग नेमकं, आणि रुंदी पावणेदोन मीटरच्या आसपास, एवढं असलं की झालं. माझं मत सरळ: तुमच्या यादीत व्हर्टस मॅन्युअल पहिली, एन लाइन दुसरी, मिनी मोठ्या प्रश्नचिन्हासह तिसरी.

गार हवा

छप्पर उघडं ठेवून ऑक्टोबरच्या सकाळी सहा वाजता आगोंदला जाण्याचं कुठलं गणित चिरेखाण बाबांनी मांडलं?

ठीक आहे, मीच मांडतो. वर्षात ५२ शनिवार-रविवार. जून ते सप्टेंबर सतरा-अठरा गेले. एप्रिल-मे मधे नऊनंतर छप्पर उघडता येत नाही, डोकं भाजतं. नाताळ ते नववर्ष किनाऱ्याकडचे रस्ते मुंगीच्या वेगाने. आठवड्याला एक धरली तर उरतात वीस-पंचवीस सकाळी. त्या वीस सकाळींसाठी पैसे मोजायचे असतील तर झेड४ घ्या आणि कुणाला हिशेब देऊ नका. पण गेट आधी तोडून चढ कमी करून घ्या, तो खर्च गाडीच्या किमतीत धरा.

आणि उघडी गाडी आहे म्हणून किनाऱ्यावर वाळूत घालू नका. गोव्यात किनाऱ्यावर गाडी नेण्यास बंदी आहे, आणि भरतीत रुतलेली गाडी काढायला जो ट्रॅक्टर येतो तो आधी भाव ठरवतो.

पाना नंबर १३

झेड४ आणि मिनी बघायला जाणारच असाल तर काय बघायचं ते लिहितो. हे वाचून उत्साह टिकला तर पुढे जा.

झेड४ ३५आय (ई८९): इंजिन एन५४, तीन लिटर, दोन टर्बो. गाडी पूर्ण गार असताना बघायला जा, मालकाला आधी चालू करून ठेवू देऊ नका. चालू केल्यावर बराच वेळ स्टार्टर फिरत राहिला किंवा गचके देत उठली तर हाय-प्रेशर फ्युएल पंपाचा संशय. रेस सोडताना पत्र्यासारखी खडखड आली तर टर्बोच्या वेस्टगेटचे (जादा दाब वळवणाऱ्या झडपेचे) दांडे झिजलेत. त्याची दुरुस्ती म्हणजे बहुतेकदा टर्बोच बदलणे. इंजेक्टर कोणत्या सुधारित आवृत्तीचे बसलेत ते बिलांवर बघा, शेवटची आवृत्ती म्हणजे इंडेक्स १२. पाण्याचा पंप विजेवर चालतो. तो आधी गळून सूचना देत नाही, एक दिवस अचानक तापमानाचा इशारा येतो आणि गाडी घाटात उभी. पंप आणि थर्मोस्टॅट जोडीने बदलतात. गेल्या ८० हजार किमीत बदलल्याचं बिल नसेल तर तो खर्च तुमचा. ऑइल फिल्टर हाउसिंगच्या गॅस्केटमधून गळलेलं ऑइल पट्ट्यावर पडतं, म्हणून पुढून टॉर्च मारून पट्टा ओला आहे का बघा.

छप्पर घडीचं, धातूचं. ते सलग तीन वेळा उघडून बंद करा, इंजिन चालू ठेवून. मधेच थांबलं तर दोष बहुधा डिकीच्या बिजागरीजवळ वाकून वाकून तुटलेल्या वायरांत किंवा एखाद्या मायक्रोस्विचमधे असतो. दुरुस्ती होते, पण शोधायला दिवस जातात. डिकीतला गालिचा उचला आणि हात फिरवा. ओलावा असेल तर पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या पानांनी आणि मातीने तुंबल्यात. आपल्याकडे आंब्या-फणसाखाली उभी राहिलेली गाडी असेल तर हे धरूनच चाला.

मिनी कूपर एस: २०१४ पर्यंतची जुनी पिढी (आर५६) सोडा. त्या १.६ टर्बोचं थर्मोस्टॅट हाउसिंग प्लास्टिकचं, ते गळतं, आणि चेन टेन्शनरचा इतिहास चांगला नाही. २०१५ पासूनची एफ५६, दोन लिटर, १९२ पीएस, २८० एनएम टॉर्क (ओढण्याचा जोर), हे इंजिन बरंच दणकट आहे. तिच्यात इंजिन माउंट बघा. आत द्रव भरलेला असतो, तो फुटला की खाली तेलकट डाग आणि रिव्हर्स टाकताना धक्का. डायरेक्ट इंजेक्शन असल्यामुळे इनटेक वाल्व्हवर काजळी बसते. ६०-८० हजार किमीनंतर रेस न देता नुसतं चालू ठेवलेलं इंजिन थरथरत असेल तर वाल्व्ह अक्रोडाच्या कवचाच्या भुग्याने साफ करावे लागतात. रसायन टाकीत ओतून ती काजळी जात नाही, कारण पेट्रोल त्या वाल्व्हवर पडतच नाही.

दोन्ही गाड्यांत रन-फ्लॅट टायर आणि डिकीत स्टेपनी नाही. हवा गेल्यावर रन-फ्लॅट साधारण ८० किमी, जास्तीत जास्त ताशी ८० ने चालतो. पण बाजू कडक असल्याने खड्ड्यात तोच टायर फुगा धरतो आणि रिम वाकते. चारही चाकांच्या आतल्या कडा हाताने चाचपून बघा. बाहेरून चकाकणारी चाकं आतून वाकलेली असतात.

पूर आलेल्या शहरातून आलेली गाडी ओळखायची एक युक्ती: सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. लोक सीट धुतात, गालिचे बदलतात, पण बेल्टच्या गुंडाळीत खोलवर बसलेली गाळाची रेघ राहते. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेले असतील तरी तेच. रंगाची जाडी मोजणारं यंत्र कुणाकडून मागून आणा. कारखान्यातला रंग साधारण ९० ते १५० मायक्रॉन, २५० च्या वर गेला की तिथे पुन्हा रंग झालाय, हजारावर गेला तर खाली पुट्टी.

मिनी वा झेड४, काहीही घेतलंत तर एकूण बजेटचा किमान पाचवा हिस्सा बाजूला ठेवा. १६ लाखांची गाडी आणि ४ लाख हाताशी. २० ची गाडी आणि हात रिकामे असं केलंत तर पहिल्याच वर्षी ती झाकून उभी राहते.

कुशावती

चिरेखाण यांच्याशी जवळपास सहमत, फक्त क्रम उलटा करते. एन लाइन पहिली. कारण गाडीची मजा पैशापेक्षा टायर आणि ब्रेकमधे असते आणि तिच्यात त्या दोन्हींना पैसे उरतात.

आकडे असे: ९९८ सीसी टर्बो, १२० पीएस, १७२ एनएम, २०२३ च्या बदलानंतर खरा सहा गियरचा मॅन्युअल (त्याआधीच्यात क्लच पेडल नसलेला आयएमटी होता, तो घेऊ नका), चारही चाकांना डिस्क, सस्पेन्शन साध्या आय-२० पेक्षा कडक. व्हर्टस १.५ मधे १५० पीएस आणि २५० एनएम, ती नक्कीच जोरदार. पण नवी गाडी म्हणजे वॉरंटी, आणि शनिवारी सकाळी चावी फिरवली की ती निघते.

यादीत नसलेली एक सुचवते: २०२१ ते २०२४ मधली मारुती स्विफ्ट मॅन्युअल. ९० पीएस फक्त, पण वजन नऊशे किलोच्या आसपास. चांगले टायर, ताजे शॉक ॲब्सॉर्बर, घाटाला साजेसे ब्रेक पॅड, एवढ्यावर चोर्ल्यात ती मोठ्या गाड्यांच्या मागे चिकटून राहते. सगळं मिळून बजेटच्या अर्ध्यात. लोक हसतील, हसू दे.

व्हर्टस घेतलीत तर मॅन्युअलच. ऑटोमॅटिकमधला डीएसजी (दोन क्लचचा गियरबॉक्स) म्हणजे डीक्यू२००, सात गियर, कोरडे क्लच. त्याची पेलण्याची मर्यादा २५० एनएम आणि इंजिन देतं तेही २५०. म्हणजे रिमॅपला (सॉफ्टवेअर बदलून इंजिनची ताकद वाढवायला) जागा शून्य. शिवाय म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराच्या गर्दीत इंच-इंच सरकताना कोरडे क्लच अर्धवट घासत तापतात आणि पहिल्या-दुसऱ्या गियरमधे थरथर सुरू होते. मॅन्युअलला ती भीती नाही.

टायरबद्दल: कायद्याने खोबणी १.६ मिमी चालते, पण आपल्या पावसात ३ मिमीच्या खाली गेलं की बदला. खोबणी पाणी बाहेर फेकते, ती उथळ झाली की साठच्या वेगालाही गाडी पाण्याच्या थरावर तरंगायला लागते आणि स्टिअरिंग हलकं होतं. टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते. ३२२१ म्हणजे २०२१ चा बत्तिसावा आठवडा. कमी चाललेल्या शौकाच्या गाड्यांचे टायर नेहमी जुने आणि खोबणी मात्र नवीसारखी असते. सहा वर्षं ओलांडलेले रबर कडक होतं आणि ओल्यात पकडत नाही, खोबणी कितीही असो. व्हर्टसचा ठरलेला आकार २०५/५५ आर१६. चारांचे तीस-चाळीस हजार धरा. १७ किंवा १८ इंची चाकं घालायचा मोह होईल, पण त्यात रबराची बाजू बारीक होते आणि आपल्या खड्ड्यांत पहिला बळी रिमचा.

ब्रेक ऑइल हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग. डॉट ४ कोरडं असताना किमान २३० अंशांना उकळतं, पाणी शोषल्यावर १५५ पर्यंत खाली येतं. ते हवेतला ओलावा ओढतं, आणि गोव्यात ओलावा फुकट. पुस्तकात दोन वर्षं लिहिलेलं असलं तरी घाटात जाणाऱ्या गाडीला दरवर्षी बदला, चवथीनंतर पाऊस ओसरला की. चोर्ला उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवू नका. दुसऱ्या-तिसऱ्यात इंजिनवर उतरा, वळणाआधी एकदा ठाम दाबा आणि सोडा. पेडल खाली जायला लागलं तर खालच्या गियरमधे वेग कमी करून सुरक्षित जागी थांबा. नुसता जळका वास आला आणि पेडल ठीक असेल तर लगेच थांबू नका. पाच मिनिटं हळू चालवून हवा लागू द्या. तापल्या डिस्कवर पॅड दाबून उभं राहिलात तर पॅडचं साहित्य एका जागी चिकटतं आणि नंतर ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरतं. मग गॅरेजवाला सांगतो डिस्क वाकली. वाकलेली नसते बहुतेकदा.

चिरेखाण

कुशावतीताईंच्या क्रमावर एकच हरकत. एन लाइनमधे खालून वर येताना टर्बो जागा होईपर्यंत थोडी वाट बघावी लागते, आणि चोर्ल्याच्या आवळत्या वळणांतून बाहेर पडताना नेमकी तिथेच गाडी असते. व्हर्टस १.५ ला ती पोकळी जाणवत नाही. बाकी स्विफ्टबद्दल हसणार नाही.

रिमॅप, मोठा आवाज करणारा सायलेन्सर, हे दोन्ही टाळा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारे बदल चालत नाहीत, आणि अपघातानंतर विमा कंपनीचा सर्वेक्षक तेच आधी शोधतो.

तिसरा गियर

टेप घेऊन गेलो होतो. एक स्पीडब्रेकर १४ सेंमी, दुसरा साडेपंधरा, दोन्ही अर्ध्या मीटरच्या आत. गेटचा चढ १ मीटरला १५ सेंमी. झेड४ संपली. गार हवा, माफ करा.

बेळगावात २०२३ ची व्हर्टस १.५ मॅन्युअल दिसते आहे, केए नोंदणी, २८ हजार किमी, अजून बँकेचा बोजा आहे. दोन प्रश्न. कागदपत्रांचा क्रम काय? आणि पावसाळ्यात तीन-तीन आठवडे उभी राहिली तर काय बिघडतं?

आरटीओची रांग

क्रम चुकला की महिने जातात, म्हणून ओळीने.

आधी परिवहनच्या साइटवर गाडीचा नंबर टाकून बोजा, थकीत चलन, काळ्या यादीची नोंद बघा. पैसे द्यायच्या आधी विकणाऱ्याने कर्ज फेडून बँकेचं ना-हरकत आणि बोजा उतरवण्याचा सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ आणायचा. तुम्ही त्याचं कर्ज फेडणार असाल तर रक्कम थेट त्याच्या कर्जखात्यात भरा, हातात देऊ नका. बोजा उतरल्यावर बेळगावच्या आरटीओकडून परराज्याची एनओसी, फॉर्म २८. त्यासाठी चासी नंबरचा पेन्सिलने उमटवलेला ठसा लागतो. एनओसीवर फोंड्याच्याच कार्यालयाचं नाव आहे ना, ते तिथल्या तिथे वाचा.

विक्रीचे फॉर्म २९ आणि ३० वर सह्या त्याच दिवशी. फोंड्याला नव्या नंबरासाठी फॉर्म २७, सोबत मूळ आरसी, एनओसी, विमा, पीयूसी, पत्त्याचा पुरावा. गाडी तपासणीला न्यावी लागते. गोव्याचा रोड टॅक्स गाडीच्या वयाप्रमाणे कमी केलेल्या किमतीवर लागतो. नवी आरसी हातात आल्यावर कर्नाटकातल्या उरलेल्या वर्षांच्या कराचा परतावा मागता येतो, पण आजीवन कर भरल्याची मूळ पावती विकणाऱ्याकडून आत्ताच घेऊन ठेवा. नंतर तो फोन उचलत नाही.

कायद्याने दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची असेल तर नोंदणी बदलावी लागते. तेवढी वाट बघू नका. विमा विक्रीपासून १४ दिवसांत तुमच्या नावावर करा. नो-क्लेम बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही, म्हणून विकणाऱ्याची सूट तुम्हाला मिळणार नाही, फरक भरावा लागेल. इंजिन संरक्षणाची जोड घ्याच. साचलेल्या पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट केली की पाणी सिलिंडरमधे जाऊन कनेक्टिंग रॉड वाकतात, आणि साध्या पॉलिसीत ते नुकसान बसत नाही.

पाना नंबर १३

तीन आठवडे उभी राहण्याचं.

बॅटरी: कुलूप लावलेली आधुनिक गाडी ५० मिलिअँपिअरपर्यंत वीज पीत राहते. दिवसाला १.२ अँपिअर-तास, तीन आठवड्यांत २५. तुमची बॅटरी ५० ची असेल तर अर्धी रिकामी. अर्ध्या रिकाम्या बॅटरीच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे खडे बसतात आणि ती दीड वर्षात मरते. पोर्चमधे प्लग असेल तर बॅटरी मेंटेनर लावून ठेवा, साधा चार्जर नको, तो जास्त चार्ज करून पाणी उकळवतो.

पेट्रोल: आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं. इथेनॉल ओलावा ओढतं. टाकी अर्धी ठेवलीत तर वरच्या रिकाम्या जागेत दमट हवा आत-बाहेर करत राहते. उभी करताना टाकी भरलेली ठेवा.

दर रविवारी पोर्चमधे पाच मिनिटं चालू करून बंद करणं सगळ्यात वाईट. सायलेन्सरमधे आणि इंजिन ऑइलमधे पाणी जमतं, ते उडून जाण्याइतकं काही तापत नाही. चालू केलीत तर किमान पंचवीस मिनिटं रस्त्यावर, एसी लावून. नाही तर हात लावू नका.

हँडब्रेक ओढून ठेवू नका, दमटपणात पॅड डिस्कला किंवा लायनिंग ड्रमला धरतं. पहिल्या गियरमधे ठेवा आणि चाकाला चिऱ्याचा तुकडा. टायरमधे ३-४ पीएसआय जास्त. अंगाला घट्ट प्लास्टिकचं कव्हर घालू नका, आत घाम धरतो. बाजू उघड्या असलेल्या पोर्चमधे श्वास घेणारं कापडी कव्हर, तेही गाडी कोरडी असतानाच. सीटखाली सिलिका जेलच्या दोन पिशव्या, महिन्यातून एकदा उन्हात किंवा तव्यावर वाळवून. बॉनेट दर आठवड्याला उघडा. उंदरांना इंजिनची ऊब आणि वायरचं वेष्टण दोन्ही आवडतं. दिवा लावून बॉनेट थोडं उघडं ठेवलं तर येत नाहीत, निदान कमी.

मिरगापूर्वी खालून कॅव्हिटी वॅक्स (पोकळ भागांत जाणारं गंजरोधक मेण) मारून घ्या. रबरासारखा काळा जाड थर देणारं कोटिंग नको. ते सुटतं तिथे आत पाणी अडकतं आणि बाहेरून सगळं छान दिसत असताना पत्रा खातं. बेतूलच्या बाजूला जाऊन आलात की दुसऱ्या दिवशी चाकांच्या कमानी आतून पाण्याने धुवा. खारं पाणी एक आणि लाल माती दुसरी. ती माती वाळली तरी आत ओल धरून बसते.

बेळगावची गाडी बघायला जाल तेव्हा: गार इंजिन, आणि सर्व्हिसची बिलं १५ हजार किमीच्या किंवा एक वर्षाच्या आत आहेत का. क्लच पेडल दाबल्यावर सुळसुळ आवाज येऊन सोडल्यावर थांबत असेल तर रिलीज बेअरिंग गेलं, त्यासाठी गियरबॉक्स उतरवावा लागतो. तिसऱ्या गियरमधे १५०० फेऱ्यांवरून पूर्ण रेस द्या. फेऱ्या वर उडाल्या आणि वेग तसाच राहिला तर क्लच घसरतोय, २८ हजारांत तो गेला असेल तर गाडी नीट वापरलेली नाही. सहाव्यात हळूहळू रेस सोडून सरळ रस्त्यावर जा, पडद्यावर दोन सिलिंडर चालू असल्याची खूण यायला हवी आणि येताना धक्का जाणवता कामा नये. खडबडीत रस्त्यावर खिडक्या खाली करून, गाणी बंद करून चालवा. पुढून टकटक आली तर स्टॅबिलायझर लिंक, स्वस्त आहे, पण भाव कमी करायला उपयोगी.

घरी आणताना जांबोटीमार्गे चोर्ला उतरून या. ऑइल तापायला पाण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, म्हणून पहिली दहा मिनिटं तीन हजार फेऱ्यांच्या आत. नवे टायर तिकडेच बसवलेत तर पन्नासेक किमीनंतर, चाकं गार झाल्यावर, नट टॉर्क रेंचने पुन्हा बघा. आकडा गाडीच्या पुस्तकात आहे, गॅरेजवाल्याच्या हातात नाही.